शिरढोणचें घर

किल्ल्यांच्या रक्षणाविषयीं आपण आग्रही असतों; साध्या लाकूडमातीच्या घराची आठवण मात्र तें मोडल्यावर होते. बेलापूरच्या कचेऱ्या मागें टाकून पनवेल ओलांडलें, कीं कर्नाळ्याच्या वाटेवर शिरढोण लागतें. येथील फडक्यांच्या घराण्यांत ४ नोव्हेंबर १८४५ रोजीं वासुदेव बळवंत जन्मले. पुण्यास लष्करी हिशेबखात्यांत कारकुनी करणाऱ्या या गृहस्थानें १८७९ सालीं बंड उभारलें. १७ फेब्रुवारी १८८३ रोजीं एडन येथें कैदेंत त्यांचा अंत झाला.

दगड उपेक्षा सोसतो, लाकूड सोसत नाहीं. कोकणांत दरसाल घर शाकारावें लागतें, वाळवीनें खाल्लेला वासा बदलावा लागतो. मग बदललेलें घर जुनें कसें, असा आक्षेप निघतो. जपानांत इसे येथील देवालय दर वीस वर्षांनीं नव्या लाकडांत उभारतात. तेथें वारसा लाकडाइतकाच सुताराच्या हातांत मानिला आहे. शिरढोणच्या घराचें मोलहि नक्षींत नाहीं. इतिहास घडविणारीं माणसें कसल्या घरांत वाढलीं, हें तें डोळ्यांस दाखवितें. १९७० नंतर येथें नवें शहर वाढलें. अशा प्रदेशांत जुनें घर पाडणें सोपें, राखणें कठीण. म्हणून घराबरोबर तें दुरुस्त करूं जाणणारा सुतारहि राखला पाहिजे, असें आमचें मत आहे.