‘मुरगाव’ युद्धनौकेवर चार घटका

आपल्या ज्ञातीच्या स्मरणिकेत पूर्वजांच्या आरमारी पराक्रमाचा उल्लेख झाला नाही, असे एकही वर्ष आम्हांस आठवत नाही. तो व्हावा हे उचितच होय. इ. स. १६५७ नंतर कल्याण-भिवंडीच्या खाडीत शिवछत्रपतींनी जहाजबांधणीस आरंभ केला. १६६४ च्या नोव्हेंबरात मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला. पुढे कान्होजी आंग्र्यांच्या गुराबांनी व गलबतांनी कोकणकिनारा राखिला. त्या आरमारात किनाऱ्यावरील नाना जातींचे दर्यावर्दी होते, तसे आपलेही वाडवडील होते. परंतु ही माणसे जहाजावर राहत कशी, झोपत कोठे, घरी काही बरेवाईट झाल्यास त्यांना वार्ता कशी पोचे, ह्याविषयी आपण सहसा लिहीत नाही. लढाईची तारीख तेवढी आपण मुलांकडून पाठ करून घेतो. आम्हीही छत्तीस वर्षे शाळेत तेच केले.

ही उणीव आम्हांस जाणवली ती एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. तो आपल्याच ज्ञातीतला. आज नौदलात यंत्रविभागात काम करतो. १९७१ च्या युद्धात ४ डिसेंबरच्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र-नौकांनी कराचीवर हल्ला चढविला, त्या स्मरणार्थ दरसाल तो दिवस नौदल दिन म्हणून पाळतात. त्या निमित्ताने मुंबईच्या नौदल गोदीत काही युद्धनौका लोकांस दाखविल्या जातात. “गुरुजी, एकदा या आणि बघा,” असा त्याचा निरोप आला आणि आम्ही गेलो.

आम्ही पाहिली ती ‘मुरगाव’ नौका. माझगाव गोदीत बांधलेली, लांबी १६३ मीटर, वजन सुमारे ७,४०० टन. चार वायुचक्री यंत्रांच्या बळावर ती ताशी ३० सागरी मैलांहून अधिक वेगाने धावते. पुढील डेकवर ७६ मिलिमीटरची तोफ, तिच्या मागे ब्रह्मोस क्षेपणास्त्रांची झाकणे, पिछाडीस हेलिकॉप्टरांसाठी जागा. १८ डिसेंबर २०२२ रोजी ती नौदलात दाखल झाली. हाच दिवस १९६१ साली मुरगावच्या बंदरात उजाडला तेव्हा गोवामुक्तीची मोहीम चालू होती. ‘बेतवा’ व ‘ब्यास’ ह्या आपल्या नौकांनी ‘आफोन्सो द आल्बुकर्क’ ह्या पोर्तुगीज युद्धनौकेस त्या दिवशी निकामी केले. त्याच दिवशी अंजदीव बेटावर आपले सात नौसैनिक कामी आले, तेही येथे स्मरले पाहिजे.

शिडीवरून डेकवर पाऊल ठेवताच आमच्या विद्यार्थ्याने पिछाडीकडे वळून सलाम केला. देवळाच्या उंबऱ्यास हात लावावा तितक्या सहजपणे त्याने तो केला. मग आम्ही खाली उतरलो. येथील जिने इतके उभे की, उतरताना पाठ फिरवून दोन्ही हातांनी कठडे धरावे लागतात. वाटा अरुंद, समोरून माणूस आला की एकाने भिंतीस चिकटून उभे राहावे. जागोजागी जाड पोलादी दारे. एका खणात पाणी शिरले तर ते दुसऱ्यात जाऊ नये, म्हणून ती घट्ट मिटतात. निजण्यास एकावर एक फळ्यांसारखे बंक. उठून बसू म्हटले तर डोके वर आदळते. सामानास एक लहानसे कपाट. सुमारे तीनशे माणसे महिनोन्‌महिने अशी राहतात.

दिवसाचे गणित तर मास्तराला आवडावे असे. आपला प्रहर तीन तासांचा, नौकेवरील पहारा चार तासांचा. चोवीस तासांचे असे सहाच पहारे झाले, तर तीच माणसे रोज त्याच वेळी जागत राहतील. म्हणून सायंकाळी चार ते आठ हा पहारा दोन-दोन तासांचा करून त्यांची संख्या सात केली. त्यामुळे पाळी रोज सरकते, आणि मध्यरात्रीचा जागर सर्वांच्या वाट्यास सारखा येतो. पिण्याचे पाणी समुद्राच्याच पाण्यातून क्षार काढून करतात, म्हणून ते जपून वापरावे लागते. आग लागली तर हाक मारण्यास शेजार नाही. सबब स्वयंपाकी असो वा कारकून, आग विझविण्याची विद्या प्रत्येकास यावीच लागते.

जेवणाची जागा पाहताना आम्हांस १९४६ साल आठवले. १८ फेब्रुवारी रोजी मुंबईच्या ‘तलवार’ ह्या नाविक ठाण्यातील खलाशांनी निकृष्ट अन्न व गोऱ्या अधिकाऱ्यांची अपमानास्पद वागणूक ह्यांविरुद्ध काम बंद केले. बघता बघता ती आग बंदराबंदरांतून पसरली. त्या दिवसांत जहाजांवर काँग्रेस, मुस्लिम लीग व कम्युनिस्ट ह्यांचे झेंडे एकत्र फडकले. एका ताटाच्या प्रश्नातून राज्यकर्त्यांस केवढा हादरा बसला! आज ह्या टेबलावर सगळ्या प्रांतांचे जवान शेजारी बसून जेवतात. कोणी कोणास जात विचारीत नाही. ज्ञातीच्या स्मरणिकेत हे लिहिताना आम्हांस संकोच नाही. खवळलेल्या दर्यात ज्याने दार वेळेवर मिटले, तोच तेथे आपला आप्त.

आता मुख्य गोष्ट. काही वर्षांपूर्वी ह्या मुलाची आई वारली, तेव्हा तो दुसऱ्या एका नौकेवर भर समुद्रात होता. अग्नी चुलतभावाने दिला. मुलगा पोचला तो पाचव्या दिवशी. गावात लोक म्हणाले, “नोकरीपुढे आई विसरला.” पारावर बसून तसे म्हणणाऱ्यांत आम्हीही होतो.

त्या दिवशी नौकेवर आम्ही भीतभीतच तो विषय काढला. तो म्हणाला, “गुरुजी, वार्ता संध्याकाळी कळली. बारा ते चारचा पहारा माझा होता. सोबत्यांनी तो घेतो म्हटले. पण ते आधीच दोन पाळ्या जागले होते. मी उभा राहिलो. बंदर दोन दिवसांवर होते.” एवढेच बोलून तो आम्हांस पुढचे यंत्र दाखवू लागला. त्याच्या स्वरात तक्रार नव्हती, म्हणूनच आम्हांस फार लाज वाटली.

इतिहास शिकविण्यात जन्म घालविलेल्या माणसाने हा दोष उघडपणे कबूल करावा, म्हणून हा लेखप्रपंच. आंग्र्यांच्या गुराबेवरील तांडेलालाही असाच पहारा असेल, आणि त्याच्याही घरी कोणी त्याच्या वाटेकडे डोळे लावून गेले असेल. त्याचे नाव कोणत्याही बखरीत नाही. आज आपल्या घरांतील मुले नौदलात आहेत. २०२३ च्या मार्चपासून मुलीही खलाशी म्हणून चिल्का येथून शिकून बाहेर पडू लागल्या आहेत. त्यांच्या पदकांचा गौरव आपण करूच. परंतु लग्नाला, सणाला वा मर्तिकाला ज्याची जागा रिकामी दिसेल, त्याच्याविषयी बोलण्यापूर्वी हा कोठल्या पहाऱ्यावर उभा असेल, एवढा विचार ज्ञातिबांधवांनी करावा, ही नम्र विनंती. आम्ही तो केला नव्हता.