मिस्सेतून गायब झालेली प्रार्थना

जुन्या लॅटिन मिस्सेत एक विचित्र जागा होती. श्रद्धेचा अंगीकार म्हणून झाला की धर्मगुरू लोकांना अभिवादन करत, ‘ओरेमुस’, म्हणजे ‘आपण प्रार्थना करू या’, असे म्हणत आणि प्रार्थना काही होत नसे. थेट अर्पणविधी सुरू. बोलावणे होते, पंगत नव्हती. शतकानुशतके फारसे कोणाला त्यात काही खटकले नाही, कारण सगळे लॅटिनमध्ये चाललेले आणि लोक आपापली जपमाळ ओढत बसलेले. उपासनेच्या बहुतेक अभ्यासकांचे मत असे, की या जागी एके काळी सगळ्या जमावाची, दुसऱ्यांसाठी करायची प्रार्थना होती. ती गेली, तिची हाक तेवढी मागे राहिली.

दुसऱ्यासाठी देवाकडे रदबदली करण्याची रीत ख्रिस्ती लोकांना ज्यू परंपरेकडून मिळाली. सदोम शहर वाचावे म्हणून अब्राहाम देवाशी घासाघीस करतो आणि पन्नास नीतिमानांवरून आकडा दहावर आणतो. त्याहून अवघड मागणी यिर्मया संदेष्ट्याची. बाबेलच्या बंदिवासात नेलेल्या आपल्या लोकांना तो पत्रातून कळवतो, की जिथे तुम्हाला नेले आहे त्या शहरासाठी प्रार्थना करा. शहर कोणाचे, तर ज्यांनी यरुशलेम लुटले त्यांचे. पुढे येशूने छळणाऱ्यांसाठी प्रार्थना करायला सांगितले, आणि तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात ‘सर्व माणसांसाठी’ म्हणताना राजे आणि अधिकारी मुद्दाम नाव घेऊन आले.

ही गोष्ट उपासनेत कशी बसली, ते रोममध्ये राहणाऱ्या जस्टिनने सुमारे १५५ साली लिहून ठेवले आहे. वाचन आणि उपदेश झाला की सगळे उठून उभे राहत आणि मिळून प्रार्थना करत. ज्याचा नुकताच स्नानसंस्कार झाला आहे त्याला आधी या मंडळीत आणत; मग स्वतःसाठी, त्याच्यासाठी आणि ठिकठिकाणच्या इतर सर्वांसाठी मागणे होई. दीक्षार्थींना, म्हणजे स्नानसंस्काराची तयारी करणाऱ्यांना, या प्रार्थनेत जागा नसे, त्यांची प्रार्थना वेगळी चाले. या प्रार्थनेच्या ‘विश्वासू लोकांच्या प्रार्थना’ या नावातले ‘विश्वासू’ म्हणजे हे स्नानसंस्कार झालेले लोक. इतरांसाठी देवापुढे उभे राहणे हा त्यांचा अधिकार होता, आणि कामही.

कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तेर्तुल्यन सुमारे १९७ साली रोमन अधिकाऱ्यांना ठणकावून सांगतो, की आम्ही सम्राटासाठी दीर्घायुष्य मागतो, सुरक्षित राज्य, शूर सैन्य, इमानी सिनेट आणि शांत जग मागतो. याच राज्यात ख्रिस्ती म्हणवून घेण्याबद्दल माणसे मारली जात होती. त्याची वकिली थोडी भडक आहे खरी, पण सम्राटासाठी अशी प्रार्थना होत होती याबद्दल शंका नाही.

या प्रार्थनेचे जुने रोमन रूप आजही शुभ शुक्रवारी पाहायला मिळते. कोणासाठी मागायचे ते आधी सांगितले जाते. उपयाजक गुडघे टेकायला सांगतो. मग शांतता, प्रत्येकाने मनात मागायचे. ‘उठा’ म्हटल्यावर सगळे उभे राहतात, आणि धर्मगुरू सर्वांचे मागणे एका प्रार्थनेत गोळा करतात. जुन्या मिस्साग्रंथात अशा नऊ प्रार्थना होत्या, आता दहा आहेत. त्यांतली ज्यू लोकांसाठीची प्रार्थना या परंपरेवरचा डाग म्हणावी लागेल. तिच्यात त्यांना अविश्वासी ठरवणारा शब्द होता आणि मध्ययुगापासून तिच्यापुरते गुडघे टेकणेही वगळले गेले होते. गुडघे टेकणे १९५५ मध्ये परत आले, तो शब्द १९५९ मध्ये पोप तेविसावे जॉन यांनी काढला, आणि १९७० च्या मिस्साग्रंथात प्रार्थनाच नव्याने लिहिली गेली.

मग रविवारची प्रार्थना गेली कुठे? पाचव्या शतकाच्या अखेरीस पोप पहिले जलेशियस यांच्या नावाने ओळखली जाणारी एक आळवणी रोममध्ये आली. एकेक मागणी आणि त्यावर लोकांचा ‘प्रभो, दया कर’ असा प्रतिसाद, ही पूर्वेकडची धाटणी. तिला जागा मिळाली मिस्सेच्या सुरुवातीला, म्हणून प्रवचनानंतरची जागा ओस पडली असावी. पुढे मागण्याही गळाल्या. रोजच्या मिस्सेत आम्ही बाकीचे सोडून फक्त ‘दया कर’ म्हणतो, असे पोप पहिले ग्रेगरी ५९८ च्या एका पत्रात लिहितात. प्रतिसाद उरला आणि कशाला प्रतिसाद ते गेले. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये मात्र उपयाजक आजही प्रवासी, आजारी आणि बंदिवान यांच्यासाठी एकेक मागणी म्हणतो. फ्रान्स-इंग्लंडच्या गावांतही व्यासपीठावरून लोकभाषेत अशा प्रार्थना होत राहिल्या, आणि इंग्लंडमधल्या सुधारणावाद्यांनी १५४९ च्या प्रार्थनापुस्तकात साऱ्या ख्रिस्तसभेसाठीची प्रार्थना ठेवली.

रोमन मिस्सेत विश्वासू लोकांची प्रार्थना रीतसर परतली दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेमुळे. ४ डिसेंबर १९६३ रोजी २,१४७ विरुद्ध ४ मतांनी संमत झालेल्या उपासनाविषयक दस्तऐवजाच्या ५३ व्या कलमात ही प्रार्थना पुन्हा सुरू करावी असे म्हटले आहे. मिस्सा लोकभाषेत येऊ लागली तीही त्याच दस्तऐवजामुळे, म्हणून वसईच्या मराठी बोलणाऱ्या कॅथलिक माणसाला ही प्रार्थना मराठीतच भेटली. तिचा क्रमही ठरलेला आहे: आधी ख्रिस्तसभा, मग सत्ताधारी आणि सारे जग, मग अडचणीत सापडलेले, शेवटी आपला धर्मग्राम.

अलीकडे हा क्रम उलटताना दिसतो. वाढदिवस, लग्नाचे वाढदिवस, दहावीचे निकाल, पावसाळी सहल. यात वाईट काही नाही. पण तेवढेच उरले तर तेर्तुल्यनच्या सम्राटाला जागा राहत नाही. पुढच्या रविवारी प्रार्थना लिहिण्याची पाळी ज्यांच्यावर आहे त्यांनी एक करावे: ज्याला आपण मत दिले नाही अशा एखाद्या सत्ताधाऱ्यासाठी टोमणा न मारता एक मागणी लिहावी, आणि ती आपल्या धर्मग्रामाच्या मागणीआधी वाचावी.