नांदगांव व पुणें ह्यांच्या इंग्रजी लेखनांतील ह्रस्वदीर्घविचार

नाशिक जिल्ह्यांतील नांदगांव व मथुरेजवळील नंदगांव हीं दोन भिन्न ग्रामनामें इंग्रजींत अगदीं सारखीं लिहिलीं जातात. पहिल्यांतील दीर्घ आकार व दुसऱ्यांतील ह्रस्व अकार ह्या दोहोंस रोमन ‘ए’ हें एकच अक्षर आहे. मोडींत काना असल्यामुळें हा भेद राहतो; उलट इकार-उकारांचें ह्रस्वदीर्घत्व मोडी लेखक सहसा पाळीत नसत.

तेव्हां मोडीची ही उणीव जुन्या इंग्रजी कागदांतील जोडाक्षरी ‘ई’ व ‘ओ’ ह्यांवरून भरून काढावी, असें संग्राहकांस वाटणें साहजिक आहे. आमच्या मतें तें धोक्याचें होय. १५ व्या शतकापासून इंग्रजी दीर्घ स्वरांचे उच्चार पालटले, लेखन मात्र बहुतांशीं जुनेंच राहिलें. त्यामुळें दोन ‘ओ’ हे ऊकाराचे वाचक झाले. पुणें शब्दांतील उकार ह्रस्व. तरी इंग्रजांनीं तेथें दोन ‘ओ’ घातले. कारण एकटा ‘यू’ इंग्रजींत पुष्कळदां अकारासारखा वाचला जातो. ‘पंजाबां’तील पहिला अकार त्यांनीं ‘यू’नेंच लिहिला आहे.

१७८८ सालीं सर विल्यम जोन्स ह्यांच्या प्रसिद्ध झालेल्या निबंधांत दीर्घ स्वरावर चिन्ह देण्याची पद्धति आहे; पण नित्याच्या लेखनांत अशीं चिन्हें टिकलीं नाहींत.

सबब ग्रामनामाचा अकार-आकार मोडीच्या कान्यावरून व इकार-उकार बाळबोध पोथ्या आणि व्युत्पत्ति ह्यांवरून ठरवावा. इंग्रजी कागद स्वर कोणता हें सांगेल. त्याची मात्रा सांगणार नाहीं.