सोड्याच्या टाकीत गॅस भरायचा कुठे? तालुक्यातल्या दुकानदारांनी या गोष्टी तपासूनच घ्याव्यात

सोलापूर : मार्च उजाडला की जिल्ह्यात गोटी सोडा, लिंबू सोडा आणि मसाला सोड्याच्या गाड्यांवर गर्दी वाढते. लिंबू, साखर, मीठ गावच्या बाजारात मिळतं. बर्फही मिळतो. अडतं ते गॅसपाशी. ऐन यात्रेत टाकी संपली की मशीन बंद, आणि मग जिथं मिळेल तिथून, जशी मिळेल तशी टाकी भरून आणली जाते. ही घाई खिशाला महाग पडते आणि जिवावरही बेतू शकते. त्यामुळे टाकी कुठं भरून मिळते आणि भरून घेताना काय बघायचं, याची ही माहिती.

हा गॅस येतो कुठून?

सोड्यातला गॅस म्हणजे कार्बन डायऑक्साइड. खाद्यपदार्थांच्या यादीत त्याचा क्रमांक २९० आहे. तो जळत नाही, त्याला वास नसतो. खत कारखान्यांत अमोनिया तयार होताना तो बाहेर पडतो. साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीतही मळी आंबवताना अल्कोहोलच्या जवळपास तेवढ्याच वजनाचा हा गॅस निघतो. मात्र तो थेट वापरता येत नाही. शुद्ध करून, दाबाखाली द्रवरूप करून तो टँकरने भरणा केंद्रांवर जातो आणि तिथून टाक्यांमध्ये. त्यामुळे कारखान्याच्या गेटवर टाकी घेऊन जाण्यात अर्थ नाही. शोधायचं ते भरणा केंद्र किंवा त्याचा विक्रेता.

चौकशी कुठं करायची?

पहिलं ठिकाण म्हणजे औद्योगिक गॅसचे विक्रेते. ऑक्सिजन, आरगॉन देणाऱ्यांकडे बहुधा कार्बन डायऑक्साइडही असतो. चिंचोळी, अक्कलकोट रोड, टेंभुर्णी अशा औद्योगिक वसाहतींच्या परिसरात विचारपूस सुरू करावी. जिल्ह्याची हद्द आडवी येऊ देऊ नये. करमाळ्याला सोलापूरपेक्षा बारामती जवळ पडतं, सांगोल्याच्या लोकांनी मिरजेच्या बाजूलाही विचारावं.

त्याहून सोपा रस्ता तालुक्यातच आहे. ट्रॉली, गेट, शेड बनवणाऱ्या मोठ्या फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये सीओटू वेल्डिंग चालतं. त्यांना हाच गॅस लागतो. त्यांची टाकी कोण आणून देतं आणि गाडी कोणत्या वारी येते, एवढं विचारलं तरी निम्मं काम होतं. त्याच गाडीत आपलीही टाकी आली तर वाहतुकीचा खर्च वाचतो. फक्त वेल्डिंगचा गॅस तसाच सोड्याला लावायचा नाही. विक्रेत्याकडे खाद्य दर्जाचा गॅस वेगळा मागायचा.

तिसरं ठिकाण सोडा मशीन विकणारे आणि दुरुस्त करणारे. ते ज्या केंद्राकडून गॅस घेतात, त्याचा पत्ता बहुतेक वेळा सांगतात.

आग विझवण्याचे सिलिंडर भरून देणाऱ्यांकडेही हा गॅस असतो. पण तो कोणत्या दर्जाचा, हे विचारल्याशिवाय घेऊ नये. आणि आग विझवण्याचं सिलिंडर सोड्याच्या मशीनला कधीच जोडू नये. त्यात तळापर्यंत जाणारी नळी असते, त्यामुळे गॅसऐवजी अतिथंड द्रव बाहेर येतो. रेग्युलेटर निकामी होतो, हाताला लागला तर भाजल्यासारखी जखम होते.

बदली टाकी की स्वतःची?

विक्रेते दोन पद्धतींनी काम करतात. बदली पद्धतीत अनामत भरून त्यांची टाकी घ्यायची, रिकामी द्यायची आणि भरलेली आणायची. यात टाकीच्या चाचणीची जबाबदारी त्यांची. दुसऱ्या पद्धतीत टाकी आपली, ते फक्त गॅस भरतात. स्वतःची नवी टाकी बदलीत देऊन जुनी गळ्यात पडू नये म्हणून टाकीवर कोरलेला नंबर पावतीवर लिहून घ्यावा. अनामतीची पावतीही जपून ठेवावी.

भरण्याआधी टाकीची मान बघा

टाकीच्या मानेजवळ रिकाम्या टाकीचं वजन, नंबर आणि शेवटच्या चाचणीचा महिना-वर्ष कोरलेलं असतं. कार्बन डायऑक्साइडच्या टाकीची पाण्याच्या दाबाची चाचणी साधारण दर ५ वर्षांनी करावी लागते. मुदत संपलेली टाकी भरायची नाही, असा गॅस सिलिंडर नियम, २०१६ चा दंडक आहे. या नियमांची अंमलबजावणी पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना, म्हणजे ‘पेसो’ करते. तिचं मुख्यालय नागपूरला आहे. टाक्या भरण्यासाठी या संघटनेचा परवाना लागतो. दुकानाच्या मागं मोठ्या टाकीतून छोट्या टाकीत गॅस ओतून देणारा भेटला तर स्वस्त पडतं म्हणून तिथं थांबू नये.

कारण साधं आहे. टाकीत गॅस द्रवरूपात असतो आणि उन्हानं तो फुगतो. त्यासाठी वर मोकळी जागा ठेवावी लागते. ठरल्यापेक्षा जास्त भरलेली टाकी सोलापूरच्या ४० अंशांच्या पुढच्या उन्हात हातगाडीवर राहिली की आतला दाब झपाट्यानं चढतो. व्हॉल्व्हवरची सुरक्षा चकती फुटते. ती चकती कुणी बदलून भलतीच बसवली असेल तर टाकीच फुटू शकते.

काटा दाब सांगतो, वजन सांगत नाही

इथंच सगळ्यात जास्त फसगत होते. आत द्रव शिल्लक आहे तोवर काटा जवळपास एकाच जागी राहतो. २० अंशांना सुमारे ५७ बार. टाकी भरलेली असो की पाव, काटा तेच दाखवणार. काटा उतरायला लागला म्हणजे द्रव संपला आणि आता थोडाच वेळ उरला.

म्हणून गॅस वजनावर घ्यायचा. कोरलेलं वजन १५ किलो असेल आणि भरून आल्यावर काट्यावर २४ किलो भरली, तर आत ९ किलो गॅस आहे. टोपी काढून, समोर वजन करूनच पैसे द्यावेत. भावही किलोवर विचारावा. जीएसटी, वाहतूक आणि चाचणीचे पैसे वेगळे आहेत का, तेही आधीच विचारावं.

किती पुरतो?

चांगल्या कडक सोड्याला लिटरमागं सुमारे ८ ग्रॅम गॅस लागतो. म्हणजे २०० मिलीच्या बाटलीला दीड ग्रॅमच्या आसपास. हिशेबानं १ किलोत ६०० बाटल्या व्हायला हव्यात. निम्मा गॅस वाया गेला असं धरलं तरी ३०० बाटल्या निघतात. त्याहून बऱ्याच कमी निघत असतील तर साबणाचं पाणी लावून जोड तपासावेत. पाणीही बघावं. ५ अंशांचं पाणी ३० अंशांच्या पाण्यापेक्षा दुपटीहून जास्त गॅस धरतं. कोमट पाण्यात गॅस सोडणं म्हणजे पैसे हवेत सोडणं.

नेताना, ठेवताना

भरलेली टाकी सायकल किंवा मोटारसायकलवरून न्यायला नियमानं बंदी आहे. टमटम किंवा छोट्या टेम्पोत उभी बांधून, व्हॉल्व्हला टोपी लावून न्यावी. बंद गाडीत नेऊ नये. हा गॅस हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असतो. गळाला तर खाली साचतो, वास येत नाही आणि माणूस गुदमरतो. तळघरात, बंद खोलीत किंवा झोपायच्या जागी टाकी ठेवू नये. कुणी बेशुद्ध पडलं तर आधी दारं-खिडक्या उघडाव्यात, श्वास रोखून आत शिरू नये, १०८ ला फोन करावा.

टाकी पूर्ण रिकामी करू नये. थोडा दाब ठेवून व्हॉल्व्ह बंद करावा. मशीनच्या नळीत एकेरी व्हॉल्व्ह हवाच, नाहीतर सोड्याचं पाणी उलटं टाकीत जातं आणि आतून गंज धरतो. रेग्युलेटरवर बर्फ चढला तर मशीन थोडा वेळ थांबवावं, जाळ दाखवू नये.

बिअरसाठी नाही

घरी बिअर बनवण्यासाठीही हाच गॅस वापरला जातो. मात्र महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे, मग ते घरच्यापुरतं असलं तरी. सोडा विकणाऱ्यांनाही अन्न सुरक्षा कायद्याखालची नोंदणी लागते. गॅसची पक्की पावती आणि त्यावर खाद्य दर्जाची नोंद असेल तर तपासणीच्या वेळी तीच कामाला येते.

आषाढी वारीच्या काळात पंढरपूर, माळशिरस भागात सोड्याची मागणी वाढते. टाकीची चाचणी बाकी असेल तर ती त्याआधी उरकून घ्यावी. चाचणीला दिलेली टाकी त्याच दिवशी परत मिळेलच असं नाही.