तिघं जवळ, श्रोते दूर

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)



१ जून २०२० या दिवसापासून सुरुवात करतो. लंडनच्या विगमोर हॉलमध्ये दुपारी एक वाजता, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचला, पियानोवादक स्टीफन हफ मंचावर आले. समोर साडेपाचशे खुर्च्या, आणि सगळ्या रिकाम्या. निवेदक आणि मोजके तंत्रज्ञ सोडले तर सभागृहात कोणी नव्हतं. करोनामुळे मार्चच्या मध्यापासून बंद असलेल्या या वास्तूतून बीबीसीच्या रेडिओ ३ वर आणि इंटरनेटवर मैफलीचं थेट प्रक्षेपण होत होतं. शेवटचा स्वर विरला आणि टाळ्यांच्या जागी नुसती शांतता ऐकू आली.

ही मालिका महिनाभर चालली. त्यात कलाकार एकटे तरी असत, नाहीतर दोघे. अंतर राखण्याच्या नियमांमुळे मंचावर जास्त माणसं चालत नव्हती. घरबसल्या या मैफली ऐकताना माझ्या मनात यायचं, की पाश्चात्त्य संगीतात ‘पियानो ट्रायो’ नावाचा एक फार सुंदर प्रकार आहे. पियानो, व्हायोलिन आणि चेलो अशा तिघांचं वादन. त्या तिघांनी आता काय करायचं? या प्रश्नाचा मागोवा घेत गेलो तेव्हा एक जुनी गोष्ट नव्यानं उमगली. या संगीताला श्रोता दूर असलेला चालतो, वाजवणारे मात्र एकमेकांपासून दूर असून चालत नाही. आज बोलायचं आहे ते याविषयी.

पियानो ट्रायो हे ‘चेंबर म्युझिक’. चेंबर म्हणजे खोली. आपल्या भाषेत सांगायचं तर हे दिवाणखान्यातलं संगीत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातल्या सुखवस्तू घरांत पियानो येऊ लागला. घरातली मुलगी किंवा गृहिणी तो वाजवायची आणि भाऊ, पाहुणा, एखादा स्नेही व्हायोलिन नाहीतर चेलो घेऊन साथीला बसायचा. हायडनच्या काळात अशा रचना ‘व्हायोलिन व चेलोच्या साथीसह पियानो सोनाटा’ अशा नावानं छापल्या जात. त्या काळच्या पियानोचे खर्जातले स्वर दुबळे असत. चेलोनं ते स्वर उचलून धरायचे, एवढंच त्याचं काम. हायडननं १७९५ मध्ये आपल्या तीन ट्रायो लंडनच्या रेबेका श्रोटर या बाईंना अर्पण केल्या. त्या स्वतः पियानो वाजवत आणि हायडनकडून धडेही घेत.

गंमत अशी, की या संगीतात श्रोता गृहीत धरलेलाच नव्हता. वाजवणारे तेच ऐकणारे. कोणी खुर्चीत बसून ऐकलं तर ठीक, नाही ऐकलं तरी अडत नसे. रिकाम्या सभागृहातली मैफल आपल्याला विचित्र वाटते खरी, पण या प्रकाराचा जन्मच मुळी प्रेक्षकांविना झालेला आहे.

बीथोवननं हे चित्र बदललं. १७९५ मध्ये त्यानं आपली पहिली अधिकृत कृती म्हणून, ‘ओपस १’ असा क्रमांक देऊन, तीन पियानो ट्रायो प्रसिद्ध केल्या. त्यात चेलोची साथीच्या कामातून सुटका होऊ लागली. तिघांना स्वतःचं म्हणणं मिळालं आणि साथीची जागा संवादानं घेतली. या वाटेवरचं शिखर म्हणजे १८११ साली लिहिलेली ‘आर्चड्यूक’ ट्रायो. आपला शिष्य आणि आश्रयदाता आर्चड्यूक रुडॉल्फ याला ती अर्पण केली, म्हणून तिचं हे नाव.

ही ट्रायो ११ एप्रिल १८१४ रोजी व्हिएन्नातल्या एका हॉटेलात जाहीरपणे वाजवली गेली. व्हायोलिनवर शुपान्झिग, चेलोवर लिंके आणि पियानोवर स्वतः बीथोवन. तोवर त्याचं ऐकणं फार कमी झालं होतं. लुई श्पोर हा संगीतकार त्या सुमारास व्हिएन्नात होता. बीथोवनच्या घरी झालेल्या एका ट्रायोच्या तालमीची आठवण त्यानं आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. पियानो बेसूर होता आणि बीथोवनला त्याचा पत्ता नव्हता. जोरकस जागी तो इतक्या ताकदीनं पट्ट्या दाबायचा, की तारा खणखणायच्या. हळुवार जागी बोट इतकं हलकं पडायचं, की स्वर उमटतच नसत. हे ऐकून श्पोर खिन्न झाला. पियानोवादक म्हणून बीथोवनचं ते जवळजवळ शेवटचं जाहीर दर्शन ठरलं.

हा प्रसंग मला महत्त्वाचा वाटतो. बीथोवनची प्रतिभा शाबूत होती. सारं संगीत त्याच्या डोक्यात स्पष्ट वाजत होतं. त्याला ऐकू येत नव्हते ते शेजारचे दोघे, आणि ट्रायो तेवढ्यानं अडते. ती वाजवायला स्वतःचा स्वर ऐकून भागत नाही. व्हायोलिनवाला श्वास कधी घेतो, चेलोवाल्याचा गज कुठे वळतो, हे दुसऱ्यांना क्षणार्धात कळावं लागतं.

आता श्रोत्याकडे वळू. त्याला दूर बसवण्याचा उद्योग इंटरनेटपेक्षा फार जुना आहे, अगदी रेडिओपेक्षाही. १८८१ साली पॅरिसमध्ये विजेचं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं होतं. क्लेमाँ आदेर या अभियंत्यानं पॅरिस ऑपेराच्या मंचाच्या पुढच्या कडेला मायक्रोफोन मांडले आणि टेलिफोनच्या तारांनी ते प्रदर्शनाच्या इमारतीशी जोडले. लोकांनी रांगा लावून दोन्ही कानांना दोन रिसीव्हर लावले आणि पलीकडे त्याच क्षणी चाललेला ऑपेरा ऐकला. दोन कानांना मंचाच्या दोन बाजूंचे आवाज मिळत असल्यानं गायक डावीकडून उजवीकडे गेला तरी समजायचं. पुढे १८९० मध्ये ‘थिएट्रोफोन’ नावाची कंपनीच निघाली. हॉटेलांत आणि कॅफेंत तिची यंत्रं बसली. नाणं टाका आणि पाच मिनिटं ऐका! कादंबरीकार मार्सेल प्रूस्तनं १९११ मध्ये घरी अशी जोडणी घेतली होती आणि अंथरुणावर पडल्या पडल्या तो ऑपेरा ऐकायचा. रेडिओ आणि ग्रामोफोन आल्यावर ही सेवा मागे पडली आणि १९३२ मध्ये बंद झाली.

रेडिओचा विषय निघाला की मला आपल्या मुंबईतली एक त्रयी आठवते. वॉल्टर काउफमान हे १९०७ मध्ये कार्ल्सबाड इथे, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात, जन्मलेले ज्यू संगीतकार. जर्मनीत नाझी सत्तेवर आल्यानंतर, १९३४ मध्ये ते मुंबईला आले. येताच काही महिन्यांत त्यांनी ‘बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी’ स्थापन केली. दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात त्यांची मैफल असे. पियानोवर काउफमान, व्हायोलिनवर मेहली मेहता आणि चेलोवर एडिजिओ व्हेर्गा. हे मेहली मेहता म्हणजे जगप्रसिद्ध संगीत संचालक झुबिन मेहता यांचे वडील. मे १९३७ पर्यंत सोसायटीच्या १३६ मैफली झाल्या होत्या. तीन वर्षांत १३६! ऐकणारे मोजकेच असतील, पण दर गुरुवारी वाद्यं जुळवून एकत्र बसायचा नेम त्यांनी सोडला नाही. परक्या शहरात निर्वासित म्हणून आलेल्या माणसाला ती बैठक किती मोलाची असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

१९३७ पासून १९४६ पर्यंत काउफमान ऑल इंडिया रेडिओच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख होते. तंबोऱ्याच्या झंकारावर शिवरंजनीची आठवण करून देणारं व्हायोलिन अशी जी आकाशवाणीची ओळखधून आपल्या पिढ्यांनी पहाटे पहाटे ऐकली, तिचं श्रेय याच काउफमान यांना दिलं जातं. जिमखान्यातल्या चारदोन रांगांपुढे वाजवणाऱ्या माणसाचे स्वर कोट्यवधी घरांत पोचले. त्यातल्या बहुतेकांना त्यांचं नाव कधी कळलंही नाही.

थेट मैफलीखेरीज दूर ऐकवण्याची आणखी एक तऱ्हा आहे, ती म्हणजे ध्वनिमुद्रिका. १९०५ च्या सुमारास पॅरिसमध्ये आल्फ्रेड कोर्तो, जाक तिबो आणि पाब्लो कासाल्स हे तीन तरुण एकत्र वाजवू लागले. तिघंही स्वतंत्रपणे नामवंत झाले, पण वर्षातले काही आठवडे ट्रायोसाठी राखून ठेवत. १९२८ मध्ये त्यांनी लंडनला ‘आर्चड्यूक’ ध्वनिमुद्रित केली. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम चार-साडेचार मिनिटं मावत, त्यामुळे ही दीर्घ रचना तुकड्यातुकड्यांनी वाजवावी लागली. तरीही आजचे रसिक ते ध्वनिमुद्रण जपून ठेवतात.

पुढे दुसरं महायुद्ध आलं. कोर्तोनं जर्मनांशी हातमिळवणी करणाऱ्या विशी सरकारात पद घेतलं. फ्रँकोच्या हुकूमशाहीमुळे स्पेनबाहेर राहणाऱ्या कासाल्सला ते सहन होणं शक्य नव्हतं. मैत्री तुटली. १९५३ मध्ये तिबो विमान अपघातात गेला. १९५८ मध्ये कासाल्सच्या प्राद इथल्या महोत्सवात तो आणि कोर्तो पुन्हा एकत्र वाजवायला बसले, तेव्हा दोघंही ऐंशीच्या घरात होते. तिसरी खुर्ची भरून निघणार नव्हती. तबकडीवर मात्र ते तिघं १९२८ सालासारखेच जवळ बसलेले असतात. मुद्रिकेचं मोठेपण हे, आणि तिची मर्यादाही हीच. तिच्यात वेळ थांबलेला असतो. थेट मैफलीत पुढच्या क्षणी काय होईल, हे वादकालाही ठाऊक नसतं.

आता पुन्हा २०२० कडे येऊ. कार्यालयं, शाळा, सभा सगळं पडद्यावर आलं, मग तीन वादकांनी आपापल्या घरून एकत्र का वाजवू नये? अनेकांनी करून पाहिलं आणि पंचाईत कळली. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. दहा मीटरवरचा सहवादक आपल्याला सेकंदाच्या तेहतिसाव्या-चौतिसाव्या भागाइतका उशिरा ऐकू येतो. साधारण एवढ्या उशिरापर्यंत माणसं लय सांभाळतात. त्यापलीकडे प्रत्येक जण दुसऱ्यासाठी थांबू लागतो आणि लय घसरत जाते. व्हिडिओ कॉलमधला उशीर सहज याच्या कित्येक पट असतो. बोलताना तो खपून जातो, पण तालात खपत नाही. त्या दिवसांत पडद्यावर चौकटीचौकटींतून एकत्र वाजवणारे जे वादक आपण पाहिले, त्यातले बहुतेक आधी वेगवेगळे मुद्रित करून नंतर जोडलेले होते. उलट श्रोत्याला मैफल दहा किंवा वीस सेकंद उशिरा पोचली तरी काही बिघडत नाही. त्याला पत्ताही लागत नाही.

म्हणजे तिघांना एका छताखाली येण्यावाचून इलाज नव्हता, आणि बाहेर तर बंदी. ज्यांचं घरच एक होतं, त्यांना हे साधलं. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचं कॅनी-मेसन कुटुंब याचं उत्तम उदाहरण. सात भावंडं आणि सातही वादक. त्यातल्या शेकू या चेलोवादकाला मे २०१८ मध्ये ब्रिटिश राजपुत्र हॅरीच्या लग्नात जगानं ऐकलं होतं. पियानोवादक इसाता आणि व्हायोलिनवादक ब्रेमा ही त्याची भावंडं, आणि तिघांची मिळून ट्रायो. टाळेबंदीत ही सगळी भावंडं एका घरात अडकली आणि त्यांनी घरातूनच फेसबुकवर थेट मैफली सुरू केल्या. हायडनच्या काळातल्या दिवाणखान्यात बहीण पियानोवर आणि भाऊ साथीला बसत. सव्वादोनशे वर्षांनी तेच दृश्य मोबाइलच्या पडद्यावर दिसलं.

यावरून दुरून ऐकण्यात काहीच उणं नाही, असं मी म्हणणार नाही. आपल्या बैठकीत गवई जागा घेतो आणि समोरून ‘क्या बात है’ येतं, त्यानं पुढची जागा उजळते. पाश्चात्त्य मैफलीत असं मध्ये बोलायची रीत नाही, पण तिथली शांतताही दादच असते. भरल्या सभागृहातली शांतता आणि रिकाम्या सभागृहातली शांतता वादकाला वेगवेगळी ऐकू येते. शिवाय पोटाचा प्रश्न आहेच. टाळेबंदीत कितीतरी थेट मैफली फुकट ऐकायला मिळाल्या. ऐकणाऱ्यांना पर्वणी होती, वाजवणाऱ्यांच्या बिदागीचं काय, हे विचारणारे थोडेच होते. थिएट्रोफोनच्या यंत्रात निदान नाणं तरी टाकावं लागायचं!

पण या निमित्तानं एक मोठी सोय झाली आहे, तीही सांगायला हवी. लहान गावात राहणाऱ्या, पाश्चात्त्य संगीताची मैफल कधी प्रत्यक्ष न पाहिलेल्या माणसालाही आज एखादी ट्रायो अगदी जवळून पाहता येते. सभागृहातल्या शेवटच्या रांगेतून दिसत नाही ते कॅमेरा दाखवतो. तेव्हा अशी मैफल लागली तर नुसती बोटं पाहू नका. सुरुवात होण्याआधीचा क्षण पाहा. पियानोवाली मान किंचित वळवते, व्हायोलिनवाला श्वास घेतो, चेलोवाल्याचा गज तारेवर टेकतो आणि तिघं एकदम सुरू होतात. आणि मैफलीखाली कलाकारांसाठी काही देण्याची सोय असेल, तर आपलं नाणं टाकायला विसरू नका.