पाया खणण्यापूर्वी

पोटापाण्यासाठी यशवंतपुरात येऊन स्थिरावलेल्या आपल्या मराठी कुटुंबांना येथील मातीत आपले असे काय आहे, हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. त्याचे उत्तर शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. शेजारच्या मल्लेश्वरम् वस्तीत काडु मल्लेश्वराचे देवालय आहे. 1638 मध्ये विजापूरच्या सैन्याने बंगळूर घेतल्यावर हा मुलूख शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आला. पुढे त्यांचे पुत्र, शिवाजीमहाराजांचे सावत्र बंधू एकोजीराजे यांनी 1669 मध्ये मल्लापूरच्या मल्लिकार्जुनास मेदरनिंगनहळ्ळी हे गाव इनाम दिले. देवालयाजवळच्या खडकावरील शिलालेखात या दानाची नोंद आहे. भोसले कुळाच्या येथील वास्तव्याची एवढी स्पष्ट साक्ष आपल्या घरापासून हाकेच्या अंतरावर असावी, ही भाग्याचीच गोष्ट होय.

याच देवालयासमोर एक सपाट, मोकळी जागा होती. 1990 च्या दशकाच्या अखेरीस ती विकून तेथे बांधकाम करण्याचा घाट घातला गेला. तेव्हा शेजारच्या रहिवाशांनी 'आधी खणून पाहा' असा आग्रह धरला. माती दूर केली असता खाली एक संपूर्ण तीर्थ निघाले. दक्षिणाभिमुख नंदीच्या मुखातून शिवलिंगावर पडणारी जलधारा आणि तिचे पाणी साठविणारी पुष्करिणी आज तेथे कोणालाही पाहता येते. रहिवासी गप्प बसले असते, तर त्या जागी आज केवळ एक इमारत दिसली असती.

कायदे नाहीत असे नाही. प्राचीन स्मारकांविषयीच्या 1958 च्या केंद्रीय कायद्यात 2010 मध्ये दुरुस्ती होऊन केंद्रसंरक्षित स्मारकाभोवती 100 मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध झाले आणि त्यापुढील 200 मीटरांत परवानगी आवश्यक ठरली. परंतु हे संरक्षण यादीत नोंदलेल्या स्मारकांपुरतेच आहे. जे अद्याप मातीखाली आहे, त्याचे नाव यादीत कोठून असणार?

पाणी चढण्याआधी भूमीचा शोध घेण्याचा उत्तम पाठ आपल्याच देशात गिरविला गेला आहे. आपल्या महाबळेश्वरी उगम पावणाऱ्या कृष्णेवर नागार्जुनसागर धरण होणार, हे ठरताच 1954 ते 1960 या काळात नागार्जुनकोंड्याच्या खोऱ्याचे विस्तृत उत्खनन झाले. निवडक प्राचीन वास्तू सुरक्षित स्थळी पुन्हा उभारण्यात आल्या. त्यांतील काही ज्या टेकडीवर नेल्या, ती आज जलाशयातील बेट आहे. धरणही झाले आणि इतिहासही वाचला.

बंगळूर परिसरातील शिलालेख बी. एल. राइस यांनी 1905 मध्ये ग्रंथबद्ध केले. त्यांतील पुष्कळ शिला आज जागेवर नाहीत. उलट, येथून जवळच हेब्बाळ येथे 2018 मध्ये इसवी सन 750 च्या सुमाराचा, कित्तय्या नावाच्या वीराचा शिलालेख प्रकाशात आला आणि नागरिकांनी पुढाकार घेऊन तो जपला.

येथे एक कबुली देणे मला प्राप्त आहे. अनेक वर्षांपूर्वी कचेरीतून परतताना एका घराच्या पायाच्या खड्ड्याशी कोरीव अक्षरांची शिळा पडलेली मी पाहिली. घाईत होतो, उद्या सवडीने पाहू, असे म्हणून पुढे गेलो. दुसऱ्या दिवशी तेथे काँक्रीट भरले गेले होते. त्या शिळेवर काय कोरले होते, हे आता कोणालाच कळणार नाही.

आपल्यापैकी अनेकांनी या भूमीत घरे बांधली, आपली मुलेही बांधतील. पाया खणताना कोरीव दगड, जुनी वीट वा खापर आढळल्यास काम क्षणभर थांबवावे, वस्तू जागची हलवू नये, छायाचित्र घ्यावे आणि राज्याच्या पुरातत्त्व खात्यास कळवावे. ज्या भूमीने आपल्याला आसरा दिला, तिच्या ऋणाची एवढी तरी फेड आपल्या हातून व्हावी.