ताटलीतलं आतडं

तर मंडळी, या वीकेंडला कोड नाही, क्रिकेट नाही. आज आतड्याचा इतिहास. (जेवण व्हायचं असेल तर नंतर वाचा :))

गोळी गिळली की रक्तात जायला तिला आतड्याचं अस्तर ओलांडावं लागतं. हे अस्तर म्हणजे पेशींचा जेमतेम एक थर. औषध आत घ्यायचं, जंतू अडवायचे, वर कोण आलंय याची खबर रोगप्रतिकारक पेशींना द्यायची. चक्क फायरवॉल! पण जिवंत माणसाच्या आतड्यात किती प्रयोग करणार? आपल्याकडे असतो तसा टेस्ट सर्व्हर हवाच.

तो मिळाला १९७७ साली. अमेरिकेतल्या स्लोन-केटरिंग संस्थेच्या यॉर्गन फोग यांनी मोठ्या आतड्याचा कॅन्सर झालेल्या एका ७२ वर्षांच्या गृहस्थांच्या गाठीतून पेशी वाढवल्या. त्या काको-टू.

खरी गंमत पुढे आहे. १९८३ मध्ये फ्रेंच संशोधकांनी दाखवलं की ताटली भरली की या पेशी वाढ थांबवून कामाला लागतात. साखर फोडणारी एन्झाइम्स, शेजारणीशी घट्ट सांधे, सगळं लहान आतड्यासारखं! १९८९ मध्ये हिडाल्गो, राउब आणि बोर्चार्ट यांनी त्या सच्छिद्र पडद्यावर वाढवल्या. वरून औषध टाका, खाली किती उतरलं ते मोजा. औषध कंपन्यांना आणखी काय हवं?

पण या फायरवॉलला पहारेकरी नव्हते. खऱ्या लहान आतड्यात रोगप्रतिकारक पेशींचे पुंजके असतात. १६७७ साली स्विस डॉक्टर पेयर यांनी त्यांचं वर्णन केलं. त्यांच्यावरच्या 'एम' पेशी आतड्यातले जंतू उचलून खालच्या लिम्फोसाइट्सकडे पोचवतात. साल्मोनेलासारखे लबाड जंतू नेमके याच दारातून घुसतात. नुसत्या काको-टूच्या थरात हे दार दिसणार कसं?

१९९७ मध्ये केर्नेस आणि सहकाऱ्यांनी या थराच्या सोबतीला उंदराच्या पुंजक्यांतल्या लिम्फोसाइट्स ठेवल्या. आणि काही काको-टू पेशी चक्क 'एम' पेशींसारख्या वागायला लागल्या! जीन्स त्याच, फक्त शेजार बदलला. म्हणजे एकट्या अस्तराची टेस्ट करून अस्तर कळत नाही.

पुढे २००९ मध्ये हॉलंडला सातो आणि क्लेव्हर्स यांनी उंदराच्या एकेका मूळ पेशीतून आतड्याच्या चिमुकल्या प्रतिकृती वाढवल्या. पण त्यातही रोगप्रतिकारक पेशी नव्हत्या, त्या बाहेरूनच आणाव्या लागतात. टेस्ट सर्व्हरवर पास झालं म्हणजे प्रॉडक्शनला पास, असं आपण तरी कुठे मानतो?

असो. काको-टू आजही वापरात आहे. त्या गृहस्थांचं वय नोंदलं गेलं, आजार नोंदला गेला, नाव मात्र पेशींसोबत आलं नाही. तुमच्या औषधांच्या डब्यातल्या एखाद्या गोळीची परीक्षा त्यांच्याच पेशींनी घेतली असेल, याची बरीच शक्यता आहे.